पाहुणचाराचं पाणी

लखनौच्या विकास नगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी सातविणीचं झाड आहे. इथे त्याला छितवन म्हणतात. दिवाळीच्या आसपास ते फुलतं आणि संध्याकाळी असा वास सोडतं, की निम्मी कॉलनी खूश होते आणि निम्मी डोकं धरून बसते. मी डोकं धरणाऱ्यांपैकी. पण त्या वासाने मला एक काम आठवतं. सातवीण फुलली, की मला एक फोन करायचा असतो. दरवर्षी करते. आजही करणार आहे, पण आधी बाजार.

निशातगंजला शिंगाडे आले आहेत. हिरवे, ओले, काटेरी. गाडीवाला टोपलीवर पाणी मारत होता. मी एक शिंगाडा उचलून बघितला तर त्याला खालून नखाएवढी गोगलगाय चिकटलेली. त्याने ती बोटाने उडवली.

“कीड़ा नहीं है दीदी, पानी की चीज़ है.”

“पानी की चीज़ है तो फेंकी क्यों?”

“लो! अब आप उसका भी दाम देंगी?”

मागची बाई हसली, मीही हसले. आमच्या बैठकांमध्ये हाच प्रश्न विचारतात, फक्त जरा सभ्य भाषेत.

मी नदीच्या तळाचे किडे बघते. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही लखनौला आलो, मला इथल्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं आणि आम्ही राहिलो. सई, माझी मुलगी, तिसरीत असताना बाईंना म्हणाली होती, “मेरी मम्मी कीड़े गिनती हैं.” बाईंनी पालकसभेत मला हळूच विचारलं, की तुम्ही फवारणीवाल्यांकडे काम करता का. मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, आणि माझी रिक्षा उभी होती.

अर्ध्या तासाचं आता थोडक्यात सांगते. वाहत्या नदीतला गोटा उचलून उलटा केला, तर त्याच्या पोटाशी वस्ती असते. चपटे, सहा पायांचे, दगडाला घट्ट धरून बसलेले जीव. एक अळी वाळूचे कण लाळेने जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते, इतकं नेटकं की आमच्या कॉलनीच्या ठेकेदाराला दाखवावं. एक जात पाण्यात वर्षभर वाढते, मग पंख फुटून बाहेर पडते आणि एखाददुसऱ्या दिवसात अंडी घालून मरते. हे सगळे शेवाळ आणि कुजकी पानं खातात, आणि यांना मासे खातात. हे गेले की नदी दिसायला तशीच राहते. फोटो काढायला तर जास्तच चांगली. गोटे स्वच्छ दिसतात.

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की गोमतीचे घाटही असेच स्वच्छ होतात. स्नानाला लोक येणार, म्हणून पाणी वाढवतात. जलपर्णी काढतात, पायऱ्या धुतात, आणि दोन-चार दिवस नदी नदीसारखी दिसते. शेजारच्या मिश्राभाभी दरवर्षी म्हणतात, “देखिए, कितनी सुंदर लग रही है.” मी मान हलवते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरलेलं असतंच. त्यावरून त्या घरात रोज काय चालतं ते कळत नाही. हे मला एका हिवाळ्याने शिकवलं, आणि तोच हिवाळा या वासाबरोबर दरवर्षी माझ्या नाकात शिरतो.

तराईच्या वर, हिमालयाच्या डोंगरांतून उतरणारी एक नदी आहे. नाव लिहीत नाही. तिच्यासारख्या इतक्या आहेत, की एकीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटेल. तिच्यावर धरण आहे आणि खाली वीजघर. संध्याकाळी शहरांमध्ये दिवे लागतात, गिझर लागतात, तेव्हा विजेची मागणी चढते आणि वीजघर पाणी सोडतं. घोट्याएवढ्या पाण्यात पंधरा मिनिटांत माणूस वाहून जाईल एवढा लोंढा येतो. दगडाला धरलेले जीव सुटतात आणि वाहून जातात. मग मागणी उतरते, पाणी उतरतं आणि काठाला चढलेले किडे कोरड्यावर राहतात.

सगळ्यात वाईट हाल होतात ते अंड्यांचे. या किड्यांच्या माद्या तिन्हीसांजेला अंडी घालायला येतात. पाण्याच्या कडेला दगड शोधतात आणि ओल्यात अंडी चिकटवतात. नेमकी तीच वेळ लोंढ्याची. कड तेव्हा वर चढलेली असते. सकाळपर्यंत पाणी खाली गेलेलं असतं आणि अंडी उन्हात. मादीने काहीच चूक केलेली नसते. लाखो वर्षं पाण्याची कड संध्याकाळी जिथे असायची, तिथेच सकाळी असायची.

धरण पाडा असं माझं म्हणणं नव्हतं. माझ्याही घरात गिझर आहे. मला अहवालात एकच शिफारस लिहायची होती: दारं एकदम न उघडता हळूहळू उघडा, आणि अंडी घालण्याच्या हंगामात काही दिवस पाणी एका पातळीवर ठेवा. एवढंच. ही शिफारस गेली असती, तर त्या नदीचा वीजघराखालचा सगळा पट्टा जगला असता. पाहणीचं काम आमच्या गटाकडे होतं. गटाचे प्रमुख त्रिवेदी सर, आणि पाण्यात उतरणारी मी.

वीजघरावरचे मोठे इंजिनियर निघाले कुलकर्णी. मूळचे सांगलीकडचे. त्यांचं कुटुंब लखनौलाच, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. कुलकर्णी वहिनींना मी गणेशोत्सवापासून ओळखत होते. परमुलखात मराठी माणूस भेटला की काय होतं ते सांगायला नको. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा वहिनींनी माझ्या गाडीत चकल्यांचा डबा, चिवड्याचा डबा आणि अनारशांचा डबा ठेवला. जाळ्या आणि बाटल्या मांडीवर घेऊन मी दिवाळीचा फराळ डोंगरावर नेला.

कुलकर्णी विश्रामगृहाच्या पायरीवर उभेच होते. “या ताई, या! आधी चहा. नदी कुठे पळून जात नाही.”

“पळूनच तर जाते,” मी म्हटलं.

ते खूप हसले. चांगला माणूस. हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी मी नदीत उतरले. कार्तिकातलं कोवळं ऊन, गमबुटातून झिरपणारं गार पाणी, पायाखाली गोटे. आमची रीत अशी, की जाळी प्रवाहात धरायची आणि तिच्या समोर पायाने दगड घुसळायचे. जे सुटेल ते वाहत जाळीत येतं. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं, तर ट्रे हलत होता. चपटे, लांबट, शेपट्यांचे, वाळूच्या घरातले. मी अपेक्षा केली होती दोन-चार लाल अळ्यांची, ज्या काहीही सहन करतात. इथे तर जत्रा होती.

“क्या बात है!” त्रिवेदी सर काठावरून म्हणाले. “मैडम, आपकी नदी तो बिलकुल तंदुरुस्त है.”

मला आनंद झाला पाहिजे होता. झाला नाही. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. जागा बदलून बघितली. तेच.

त्या हिवाळ्यात आणखी फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी आधी पत्र, मग फोन, मग कुलकर्णींचं “या ताई”, मग चहा आणि भरलेला ट्रे. परतताना वहिनींचे रिकामे डबे डोंगरी लिंबांनी भरून यायचे. लखनौला आल्यावर मी संस्थेच्या गच्चीवर उन्हात टेबल टाकून चिमट्याने किडे वेगळे करत बसायची. खाली माळी गुलाबांना खत घालायचा, वर मी स्पिरिटच्या वासात. लखनौचं पौषातलं ऊन माझ्या पाठीला फार चांगलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्या गच्चीवर बसून मी जवळजवळ पटवून घेतलं होतं, की मीच पूर्वग्रह धरला होता. नदी ठीक आहे. लोंढ्याने काही होत नाही. मी दरवेळी विचारत होते, की पाणी नेहमीसारखंच सोडताय ना. वीजघरातला कुणीतरी दरवेळी म्हणायचा, “जी, सब नॉर्मल है.”

मग संक्रांत आली. कुलकर्णी वहिनींकडे हळदीकुंकू. लखनौमधल्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका, काळ्या साड्या, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या चाळण्या. गप्पा चालल्या होत्या कामवालीच्या आणि बदल्यांच्या. कुणीतरी वहिनींना विचारलं, की साहेब दूर असतात, तुम्हाला एकटीला जमतं कसं. वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “या आमच्या शुभाताईंची कृपा!”

“माझी?” मी म्हटलं.

“अहो मग! तुम्ही किडे पकडायला येणार असं ठरलं, की हे आधी आठ-दहा दिवस पाणी एका पातळीवर आणून ठेवतात. संध्याकाळची सोड बंद. ताई पाण्यात उभ्या राहणार आणि आपण लोंढा सोडायचा, शोभतं का, म्हणतात. वर्षाची दुरुस्ती तुमच्या तारखांना बसवतात. मग तिथे थांबायचं कामच नसतं. मधले चार दिवस घरी येतात, तुमच्या आदल्या रात्री परत जातात. तुमचे किडे आहेत म्हणून मला नवरा दिसतो बाई!”

सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, “शुभाताई, आमच्याही ह्यांच्या ऑफिसात काहीतरी पकडायला जा की.” आणखी हसल्या. वहिनींनी माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली होती, ती तशीच राहिली. मला दिसत होता तो ट्रे.

घरी येईपर्यंत सगळं जुळलं होतं. धरणाच्या खाली लगेच एक छोटा ओढा त्या नदीला मिळतो. त्याच्यावर धरण नाही. त्यात सगळे जीव आहेत. नदीत आठ-दहा दिवस पाणी शांत राहिलं, की ओढ्यातून वाहत आलेले जीव गोट्यांना धरतात, वस्ती करतात. मी जे मोजत होते ते पाहुण्यांसाठी मांडलेलं घर होतं. मी निघाले, की संध्याकाळी दारं उघडायची आणि सगळं वाहून जायचं.

यातला विनोद मला अजून पचलेला नाही. मी जी शिफारस करणार होते, पाणी काही दिवस एका पातळीवर ठेवा, ती कुलकर्णी माझ्याचसाठी अमलात आणत होते. औषध लागू पडत होतं, ते माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. आणि त्याच पुराव्यावर आम्ही लिहायला निघालो होतो, की रोग नाही.

सोमवारी त्रिवेदी सरांच्या खोलीत गेले. सर अस्सल लखनवी. कुणालाही नाही म्हणत नाहीत, फक्त चहा मागवतात. त्यांनी चहा मागवला.

“मैडम, अब उन्होंने तो आपकी हिफ़ाज़त के लिए किया.”

“सर, आपले सगळे नमुने निरुपयोगी आहेत,” मी मराठीतच सुरू झाले, मग सावरून हिंदीत सांगितलं.

“निरुपयोगी कैसे? कीड़े असली हैं ना? नदी असली है?”

“नदी असली नहीं है. वही तो.”

“अच्छा, तो लिखेंगे क्या? कि इंजीनियर साहब की शराफ़त से डेटा ख़राब हो गया?” ते हसले. “लोग हँसेंगे. चाय लीजिए.”

मी म्हटलं, परत जाऊ, न कळवता. ते म्हणाले, न कळवता कुणाच्या घरी जाणं आपल्याकडे बरं दिसत नाही. लखनौमध्ये इतकी वर्षं काढूनही अशा वाक्याला उत्तर द्यायला मी शिकलेले नाही.

फाल्गुनात मी एकटीच गेले. रजा टाकून, स्वतःच्या तिकिटाने. सोड संध्याकाळी असते, म्हणून पहाटेच्या गाडीने उतरून सकाळीच नदीवर पोचले. कुणाला भेटले नाही. पळस फुलला होता आणि नदी फार सुंदर दिसत होती. काठावर ओल्या रेघा होत्या, रात्री पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणाऱ्या. कडेच्या दगडांवर अंड्यांचे पट्टे होते, वाळलेले, नखाने खरवडले तर भुकटी. जाळी लावली, दगड घुसळले, ट्रे भरला आणि वाट बघत बसले. ट्रेमध्ये पाणी होतं, वाळू होती, एक लाल अळी होती. मग दुसरा भरला. मग तिसरा. उगाच. उत्तर पहिल्यातच होतं.

वर चढून आले तर जीप उभी. कुलकर्णी उतरले. कुणीतरी कळवलं असणार.

“ताई, एकट्या? न सांगता? इथे खाली माणसं वाहून गेली आहेत, माहीत आहे?”

“माहीत आहे. म्हणूनच सकाळी आले.”

त्यांनी माझ्या हातातल्या बाटल्या बघितल्या. हुशार माणूस, समजायला वेळ लागला नाही. “म्हणजे मी तुमच्यासाठी जे केलं, ते तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिणार?”

“तुमच्याविरुद्ध नाही. पाणी एकदम सोडण्याविरुद्ध.”

“तेच ते. सही माझी असते.” मग म्हणाले, “परक्या मुलखात आपलं माणूस म्हणून केलं हो. बायकोला सांगितलं होतं, ताईंच्या केसालाही धक्का लागता कामा नये.”

मी म्हटलं, “कुलकर्णी, मला धक्का लागू नये म्हणून तुम्ही ज्यांना जगवलंत, त्यांना रोज का मारता, एवढंच मला लिहायचंय.”

त्यांना ते बोलणं लागलं. मला तसंच हवं होतं. तरी स्टेशनपर्यंत त्यांनी जीपने सोडलं. उतरताना लिंबांची पिशवी हातात दिली. ती नाकारायला हवी होती. घेतली. लोणचं चांगलं झालं.

सरांनी माझ्या बाटल्या बघितल्या आणि चहा मागवला. एकच फेरी, विनापरवानगी, ठरलेल्या पद्धतीबाहेरची. ती अहवालात घेता येत नाही. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. आधीच्या फेऱ्या परवानगीने झाल्या होत्या, पद्धतशीर होत्या, फक्त खोट्या होत्या. मी अहवालावर सही केली नाही. माझ्या सहीशिवाय तो गेला, आणि कुणाला काही कमी वाटलं नाही. सोडलेल्या पाण्याचा तळातल्या जीवांवर विशेष परिणाम आढळत नाही, असं त्यात लिहिलं आहे. शिफारस एकच आहे: वीजघराने दिलेलं सहकार्य असंच पुढेही मिळावं.

त्यानंतर तिथे खाली उतरायच्या वाटेला फाटक लागलं. सुरक्षेसाठी. आता नदीत जायचं तर आधी कळवावं लागतं, आणि कळवलं की पाणी धरतात. म्हणजे ती नदी रोज कशी असते, हे मला यापुढे कधीच दिसणार नाही. मी जाईन तेव्हा ती जिवंतच असेल.

कुलकर्णी निवृत्त होऊन सांगलीला गेले. वहिनींचे संक्रांतीचे मेसेज येतात, त्यांचे येत नाहीत. सरही निवृत्त झाले. आता तिथे पांडेय नावाचा तरुण इंजिनियर आहे. त्याला आधीचं काही माहीत नाही. त्याला एवढंच सांगून ठेवलंय, की लखनौच्या मॅडम येणार असल्या की काय करायचं.

शिंगाडे उकडायला ठेवले आणि फोन लावला. खिडकी बंद केली तरी सातविणीचा वास येतच होता. बाहेर दिवे लागायची वेळ.

“मैडम, प्रणाम! हम तो सोच ही रहे थे, दिवाली आ गई, मैडम का फ़ोन नहीं आया. कब आ रही हैं?”

“पुढच्या सोमवारी,” असं मी हिंदीत म्हटलं.

“बस, तो आज से ही पानी एक लेवल पर करवा देते हैं. मरम्मत भी तभी निपटा लेंगे. यहाँ तो शुरू से यही रिवाज है.”

“आपकी बड़ी मेहरबानी,” मी म्हटलं. हे शब्द मला लखनौनेच दिले आहेत.

सई समोर अभ्यासाला बसली होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. “आई, फिर से? आप तो जा ही नहीं रही हो.”

“तुझं झालं का वाचून?”

“पिछले साल भी नहीं गई थीं. उसके पिछले साल भी.”

“शिंगाडे बघ, शिजले का.”

नाही जाणार. सोमवारी सकाळी फोन करून सांगेन, की जरा अडचण आली, गुरुवारी निघते. गुरुवारी सांगेन, रविवारी. पांडेय म्हणेल, कोई बात नहीं मैडम, पानी रोककर रखा है. एका वर्षी मी तारीख अशीच देवदिवाळीपर्यंत ओढत नेली होती. अंडी फुटून पिल्लं दगडाखाली शिरायला तेवढे दिवस पुरत असावेत. असावेत म्हणते, कारण बघायची सोय नाही. यावर निबंध छापता येत नाही, आणि निवृत्तीनंतर हा फोन कोण करणार तेही मला माहीत नाही. पण अहवालाने, बैठकीने, सही न करण्याने जे झालं नाही, ते यांच्या पाहुणचाराने होतं. मग पाहुणी म्हणूनच राहते.

समोरच्या घरांत दिवे लागले. मिश्राभाभींच्या गच्चीवरची मोटार सुरू झाली. तिथे वर, याच वेळी, माद्या पाण्याच्या कडेला आल्या असतील. आजपासून ती कड सकाळीही तिथेच असेल.

आता सोमवारसाठी कारण शोधायचं. मागच्या वर्षी गाडी बिघडली होती, त्याच्या आदल्या वर्षी ड्रायव्हरच्या घरी लग्न निघालं होतं. यंदा माझा गुडघा दुखणार आहे.